मागच्या अंगणातला हंगामी झरा

खडक घरच्या घरी बनवता येतो हे ज्यांना माहीत नाही, त्यांचं बरं चाललेलं असतं. माझंही बरं चाललं होतं. सकाळी ऑफिसला जावं, दिवसभर लोकांचे विम्याचे दावे नाकारावेत, संध्याकाळी घरी येऊन चहा प्यावा, असा माझा सरळमार्गी संसार. (दावे मंजूर करणारं खातं वेगळं आहे. ते वरच्या मजल्यावर असतं आणि तिथली लिफ्ट बहुधा बंद असते.) खडक, धबधबा, बेडूक या गोष्टींशी माझा काडीचाही संबंध नव्हता. तो आला बाबांमुळे.

बाबांची सगळी नोकरी धरणावर झाली. दरवाजे उघडायचे आणि बंद करायचे, हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यावरही ते तिथेच, धरणाखालच्या वस्तीत एक खोली घेऊन एकटे राहिले. मग एकदा मोरीत पाय घसरून पडले आणि दूधवाला येईपर्यंत तसेच पडून होते. ताईनं आणि मी फोनवर ठरवून टाकलं की आता एकटं राहणं बंद, बाबा माझ्याकडे राहणार. बाबांना तेवढं विचारायचं राहून गेलं. ते आले, पण आल्या दिवसापासून एकच वाक्य सुरू झालं: "पुढच्या रविवारी मी निघतो."

तसा त्यांना आमच्याकडे काही त्रास नव्हता. आम्ही त्यांना काडी उचलू देत नव्हतो. बाबा भाजी आणायला निघाले की मी म्हणायचो, "राहू द्या, तुम्ही बसा." गादीची चादर ओढायला लागले की बायको म्हणायची, "बाबा, तुम्ही कशाला? बसा तुम्ही." इतकी सेवा फार थोड्या बापांच्या नशिबी येते. पण बाबांना बसवत नव्हतं. खुर्चीत टेकायचे, उठायचे, पुढच्या दारापर्यंत जायचे, रस्त्याकडे बघून परत यायचे, घड्याळाखाली उभे राहायचे, पुन्हा टेकायचे. त्यांच्या येरझाऱ्या बघून मलाही एका जागी बसवेना. मग आम्ही दोघंही घरभर फिरायचो आणि समोरासमोर आलो की एकमेकांना वाट द्यायचो.

आणि ती नळांची भानगड. रोज तिन्हीसांजेला बाबा घरातल्या एकेका नळापाशी जायचे, नळ सोडायचे, मान तिरकी करून ऐकत उभे राहायचे, मग बंद करायचे आणि पुढच्या नळाकडे जायचे. स्वयंपाकघर, मोरी, गच्चीवरचा नळ, मागच्या अंगणातला नळ. हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मी बायकोला खांबाआड ओढून म्हटलं, "बघितलंस? त्यांना पाण्याचा आवाज हवाय. अख्खा जन्म धरणावर गेला, आणि आपल्या घरात पंख्याशिवाय कशाचा आवाज नाही. म्हणून त्यांना चैन पडत नाही."

"मग विचारा ना त्यांना," बायको म्हणाली.

आता बायकोचं माहेर मोकळंढाकळं. तिथे माणसं एकमेकांना काहीही विचारतात. आमच्या घराण्यात मुलानं बापाला सरळ प्रश्न विचारायची पद्धत नाही. आमच्यात बाप-लेकाचं बोलणं म्हणजे पेपर कुठे आहे आणि पंखा वाढवू का. त्यापलीकडचं जे असेल ते ज्याचं त्यानं ओळखायचं. मी ओळखलं होतं.

त्याच आठवड्यात ताईचा फोन आला. "तुझ्याकडे त्यांचं मन रमत नाहीये. माझ्याकडे तीन जिने चढायचे, नाहीतर मीच नेलं असतं. काहीतरी कर. ते परत तिकडे एकटे गेले आणि पुन्हा कुठे पडले, तर..." पुढचं ती बोलली नाही. ते न बोललेलं वाक्य माझ्या डोक्यात असं बसलं की ऑफिसात एकाचा पाय मोडल्याचा दावा मी न वाचताच पुढे पाठवला, आणि त्याला पैसे मिळाले. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून तब्येत विचारली.

थोडक्यात, बाबांना थांबवायचं तर घरात पाणी खळखळायला हवं होतं. मागच्या अंगणात, स्वयंपाकघराचं दार आणि कुंपणाची भिंत यांच्यामध्ये, वाळत घातलेल्या कपड्यांखाली थोडी जागा होती. तिथे मी धबधबा करायचं ठरवलं.

धबधब्याला खडक लागतो. मी दगडवाल्याला फोन केला. त्यानं विचारलं, "किती टन?" मी आयुष्यात टनावर काही घेतलेलं नाही. "आधी बघून सांगतो," म्हणून फोन ठेवला. तेवढ्यात समोरचे सल्लागार आत आलेच. सल्लागार हे त्यांचं नाव नव्हे. रस्ते खात्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर आहेत, पण गल्लीत कोणी कुदळ हातात घेतली की त्यांना घरात बसवत नाही. त्यांचा सल्ला फुकट असतो, तरी परवडत नाही. आमच्या स्वयंपाकघराच्या फरशीचा उतार मोरीऐवजी फ्रिजकडे आहे, तो त्यांच्याच सल्ल्यानं.

"खरा दगड आणूच नका," सल्लागार म्हणाले. "बाहेरून क्रेन आणावी लागेल, क्रेन आली की भिंत पाडावी लागेल. हल्ली सगळे खोटाच खडक करतात. विटा रचा, वर जाळी गुंडाळा, जाळीवर सिमेंटमध्ये बुडवलेलं गोणपाट, त्यावर गिलावा. झाला खडक."

ऐकायला सोपं वाटलं. ऑफिसात साठलेली रजा काढली आणि कामाला लागलो. गिलावा ओला असताना त्यावर चुरगळलेली प्लॅस्टिकची पिशवी दाबली की खडबडीतपणा येतो. वाळल्यावर चहाचं पाणी ओतलं की रंग धरतो. शेवाळ यावं म्हणून वरून ताक फासायचं. बायकोनं चहाचं पाणी दिलं, ताक मात्र मोजून दिलं.

बाबा स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बघत होते. एकदा उठून म्हणाले, "घमेलं देऊ का भरून?"

"नाही, नाही, तुम्ही बसा. तुमच्यासाठीच तर चाललंय."

ते बसले, आणि लगेच उठून पुढच्या दारापर्यंत जाऊन आले.

पहिला खडक तयार झाला. मी चार पावलं मागे जाऊन बघितला. मला तो बरा वाटला. शेजारच्या वहिनींनी गच्चीवरून विचारलं, "हत्तीचं पिल्लू का हो?" सल्लागारांना ती झाकून ठेवलेली स्कूटर वाटली. आपण मोठ्या मनानं सोडून द्यावं म्हटलं, तर दुसऱ्या दिवशी कुरिअरवाला पार्सलवर सही घेताना म्हणाला, "कव्हर काढलंत की सांगा. माझा मेहुणा जुन्या स्कूटर घेतो." त्यानंतर मला जेवण गेलं नाही. माणसाच्या कामाला नावं ठेवा, पण निदान कामाच्या नावानं तरी ठेवा.

मी तो खडक फोडला आणि रविवारी गावाबाहेरच्या टेकडीवर जाऊन खऱ्या खडकासमोर बसलो. बराच वेळ बसलो. गुरं वळणारा एकजण येऊन माझ्याशेजारी उभा राहिला, मी काय बघतोय ते त्यानंही बघितलं, आणि काळजीनं विचारलं, "काही हरवलंय का?" पण त्या बैठकीत मला खडक कळला. खऱ्या खडकाच्या भेगा सगळ्या एकाच बाजूला कललेल्या असतात. दोन बाजू कधी सारख्या नसतात. पाणी सगळ्यात कमी कष्टाच्या वाटेनं जातं, त्यासाठी मला टेकडीवर जायची गरज नव्हती, आमच्या ऑफिसातही तसंच आहे.

दुसरा खडक मी ईर्ष्येनं केला. भेगा एका दिशेला. मधे एक पुढे आलेली कड, तिच्यावरून पाणी पडणार. खाली प्लॅस्टिक अंथरून केलेलं डबकं, त्याच्या काठानं गोटे. पंप झाडाआड लपवला, पाइप खडकाच्या पोटातून वर नेला. सल्लागार बोटानं वाजवून म्हणाले, "पोकळ वाजतोय." मी रात्र पडायच्या आत आतल्या सगळ्या फटी खडीनं गच्च भरून काढल्या. आता त्याच्यावर डोकं आपटलं असतं तरी डोकंच वाजलं असतं.

बाबा सगळं बघत होते. शेवटी म्हणाले, "पाणी येणार कुठून?"

"वरून."

"जाणार कुठे?"

"खाली, डबक्यात."

"मग?"

"मग पंप ते पुन्हा वर नेणार."

बाबांनी जरा विचार केला. "म्हणजे हे काम संपायचंच नाही," ते म्हणाले. मी ते कौतुक म्हणून घेतलं.

रविवारी सकाळी मी बटण दाबलं. पाणी कडेपर्यंत आलं, क्षणभर थांबलं आणि झुळझुळत खाली डबक्यात पडलं. काय आवाज होता तो. बायकोसुद्धा पोळी तव्यावर टाकून दारात येऊन उभी राहिली. मी बाबांकडे बघायला वळलो, तर बाबा खुर्चीत नव्हते. ते घरात धावत होते. मोरीत डोकावले, गच्चीचा जिना अर्धा चढून उतरले, न्हाणीघराचं दार ढकललं. "कुठून गळतंय? अरे, कुठून गळतंय?"

मी त्यांना हाताला धरून अंगणात आणलं आणि अभिमानानं दाखवलं. त्यांनी धबधब्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"बंद कर."

"बाबा, हे मुद्दाम केलंय."

"मुद्दाम?" बाबा म्हणाले. मी रस्त्यात लोकांना मुद्दाम चिमटे काढतो असं सांगितलं असतं, तरी त्यांनी याच सुरात विचारलं असतं.

सवय होईल, म्हणून मी धबधबा चालूच ठेवला. तेवढ्यात पुढच्या दारावर थाप पडली. आमच्या गल्लीत सकाळी थोडाच वेळ नळाला पाणी असतं. तेवढ्यात प्रत्येक घर मोटर लावून गच्चीवरची टाकी भरून घेतं. टाकी भरली हे कळतं कसं, तर वरून पाणी सांडल्याच्या आवाजावरून. आवाज आला की हातातलं काम टाकून धावायचं आणि मोटर बंद करायची. हे आमच्या गल्लीतल्या माणसांच्या हाडात मुरलेलं आहे. माझा धबधबा झुळझुळला आणि शेजारच्या वहिनींनी धावत जाऊन मोटर बंद केली. त्यांच्या पलीकडच्यांनी केली. सल्लागारांनी केली. बघता बघता अख्ख्या गल्लीच्या मोटरी बंद झाल्या, नळाचं पाणी गेलं, आणि एकाही घराची टाकी भरलेली नव्हती. दारात शिष्टमंडळ उभं होतं. त्यातल्या दोघांच्या अंगाला साबण होता.

मी हात जोडून शब्द दिला की नळाच्या वेळेला धबधबा बंद राहील. तो मी पाळलाही. पण पाणी काही वेळेचं ऐकत नाही. एखाद्या दिवशी नळ दुपारी यायचा, लोक मोटरी लावायचे, टाकी भरून खरंच वाहायला लागायची, आणि सगळे निवांत. "काही नाही हो, तो त्यांचा धबधबा आहे." वहिनींच्या गच्चीवरून पाणी जिन्यात आलं, जिन्यातून खाली आलं, तरी त्या आतून म्हणत होत्या, "कंटाळा कसा येत नाही या माणसाला." शेवटी बाबाच फाटकापाशी जाऊन उभे राहिले आणि ओरडले, "वहिनी, तुमची टाकी. आमचं पाणी पाण्यावर पडतं, तुमचं पत्र्यावर पडतंय."

तेव्हापासून आवाज आला की गच्चीगच्चीवरून विचारणा व्हायला लागली. "बाबा, कोणाची?" बाबा मान तिरकी करायचे. "मधल्या घराची." मधल्या घरातली मोटर बंद व्हायची. मी याच्याकडे फारसं लक्ष दिलं नाही. मला माझ्या कटकटी होत्या.

पहिली कटकट म्हणजे धबधबा आपोआप बंद पडायचा. पंप गुरगुरायचा आणि पाणी येईना. पाइपच्या तोंडात बोट घातलं तर चिंधी निघाली. दुसऱ्या दिवशी ओल्या मातीचा गोळा. मग पुन्हा चिंधी, या वेळी आमच्याच जुन्या पडद्याची. मी सल्लागारांवर संशय घेतला आणि त्यांच्याशी बोलणं टाकलं. म्हणजे ते बोलायचे आणि मी उत्तर द्यायचो नाही. त्यांच्या ते लक्षात आलं नाही.

इकडे रविवार येत होते आणि बाबा "निघतो" म्हणतच होते. कधी बसचा संप आडवा यायचा, कधी माझी खोटी सर्दी. पण आता त्यांनी तिकडच्या खोलीवाल्याला फोन करून खोली झाडून ठेवायला सांगितली होती. मी धबधब्याची धार वाढवली.

दुसरी कटकट महापालिकेची. वहिनींच्या जिन्यात पाणी आल्यावर गल्लीतल्या कोणीतरी तक्रार केली होती. आधी डासांचा माणूस आला. त्यानं डबक्यात पळी बुडवली, पाणी उजेडात धरलं आणि गप्पी मासे सोडायला लावले. मासे सोडले. ताकानं आपलं काम केलं होतं, खडकावर हिरवंगार शेवाळ धरलं होतं. मग एक बेडूक आला. कुठून आला देव जाणे. तो कडेखालच्या भेगेत राहायला लागला आणि आमच्या घरात मन रमलेला तेवढा एकच प्राणी ठरला.

मग पाण्याच्या तक्रारीची पाहणी करायला निरीक्षक आले. चष्मा, पाठीवर पिशवी, हातात मोजपट्टी. त्यांच्याकडे शहरातल्या नैसर्गिक झऱ्यांची नोंद करायचंही काम होतं. बिचाऱ्यांना आजवर झरा म्हणून जे जे दाखवलं ते गटार निघालं होतं. त्यांनी मागच्या अंगणात पाऊल टाकलं आणि थबकले. वाकून शेवाळाला हात लावला. भेगांवरून बोट फिरवलं. बेडकाकडे बघितलं. "किती वर्षांचा असेल हो?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

इथे मी सांगायला हवं होतं. पण ज्या माणसाचा पहिला खडक स्कूटर म्हणून विकला जाणार होता, त्याची छाती या प्रश्नानं किती फुगते, ते तुम्हाला कळायचं नाही. "खडकांचं काय सांगावं," मी म्हटलं आणि नम्रपणे हसलो. ते हसू मला महागात पडलं.

आठवडाभरात नोटीस आली. आपल्या आवारात नैसर्गिक झरा आढळला असून, नैसर्गिक प्रवाहालगत बांधकामास मनाई असल्याने, आपले घर का पाडू नये याचा खुलासा करावा. मी ती बायकोला वाचून दाखवली. तिनं ती माझ्या हातातून घेऊन स्वतः वाचली, मग मला नोटीस आणि छत्री दिली आणि महापालिकेत पाठवलं.

"तो खडक खोटा आहे," मी खिडकीतल्या बाईंना सांगितलं.

"दाखला आणलाय?"

"कसला?"

"खोटा असल्याचा."

"तो कोण देतं?"

"आम्ही नाही देत. खडक खरा असल्याचा दाखला भूगर्भवाले देतात."

"ते खोट्याचा नाही देत?"

"ते खोट्या खडकाकडे कशाला जातील?" बाई म्हणाल्या. त्यांचं बरोबर होतं. मी दिवसभर दुसऱ्यांकडे पुरावे मागतो आणि आणले की ते चालत नाहीत म्हणून सांगतो. खिडकीच्या या बाजूनं ते कसं दिसतं, हे मला माहीत नव्हतं. मी खिडकीला धरून पुष्कळ वेळ उभा राहिलो. मागचे लोक पुढे सरका म्हणायला लागले. शेवटी बाईंना दया आली आणि त्यांनी फेरपाहणी लावून दिली. ती नेमकी आली रविवारी सकाळी, आणि याच रविवारी दुपारच्या बसचं तिकीट बाबांनी मला न विचारता काढून आणलं होतं.

निरीक्षक आले. मागोमाग सल्लागार, आणि गच्चीवर वहिनी. बाबा पुढच्या खोलीत बुटांना पॉलिश करत होते. मला एकाच वेळी घर वाचवायचं होतं आणि बाप थांबवायचा होता, आणि मला सारखं आत-बाहेर जावंसं वाटत होतं.

"हे बघा," म्हणत मी पंपाचं बटण बंद केलं. धबधबा थांबला. "आता तरी पटलं? झरा असा थांबतो का?"

निरीक्षकांनी लिहून घेतलं. "हंगामी झरा."

"अहो, पंपावर चालतो तो. हा पंप बघा."

"पंपसुद्धा आहे?" निरीक्षक गंभीर झाले. "म्हणजे झऱ्यातून पाण्याचा उपसाही चालू आहे. त्याची वेगळी नोटीस निघेल."

मी खडक वाजवून दाखवला. तो माझ्या दुर्दैवानं भरीव वाजला. मी मासे विकत आणल्याचं सांगितलं. निरीक्षकांनी बेडकाकडे बोट केलं. "हा पण विकत आणलाय?"

मग सल्लागार मला वाचवायला पुढे सरसावले. "साहेब, मी पायापासून बघतोय. गोणपाट आहे आत. अहो, नीट बघा की, खडक असा असतो का कधी? ही भेग बघा, ही कड बघा. लहान मूल सांगेल हे खोटं आहे म्हणून."

"का?" मी म्हणालो. "भेगेला काय झालंय?"

"काही झालं नाही हो, मी आपलं..."

"टेकडीवर जाऊन बघून या, अशाच असतात भेगा. एका बाजूला कललेल्या. तुम्हाला खडकातलं काय कळतं? स्कूटर म्हणत होता तुम्ही."

"बघा, मालक स्वतः सांगतायत," निरीक्षक म्हणाले आणि त्यांनी तेही लिहून घेतलं.

स्वयंपाकघराच्या दारातून बायको माझ्याकडे बघत होती. लग्न झाल्यापासून तिनं मला पुष्कळदा बघितलंय, पण असं नाही. ती आत गेली आणि मोठा हातोडा घेऊन आली. "फोडा," ती म्हणाली.

मी हातोडा उचलला. कडेवर नेम धरला. कडेखालून बेडूक माझ्याकडे बघत होता. माझा हात काही खाली येईना. खोटा असला म्हणून काय झालं, माझा होता.

"आण इकडे." मागून बाबांचा आवाज आला. एका पायात पॉलिश केलेला बूट, दुसरा पाय अनवाणी.

"बाबा, राहू द्या. तुम्ही..."

"द्या हो त्यांना," बायको म्हणाली.

बाबांनी हातोडा घेतला. आधी वाकून बेडकाला हळूच उचललं आणि तुळशीच्या कुंडीत ठेवलं. मग पाय रोवले आणि कडेवर असा घाव घातला की पहिल्याच दणक्याला तुकडा उडाला आणि आतून जाळी दिसली. दुसऱ्या घावाला गोणपाट आलं, तिसऱ्याला विटा. निरीक्षकांचा चेहरा असा उतरला की मलाच वाईट वाटलं. त्यांनी गोणपाटाचं एक टोक ओढून बघितलं आणि वहीतलं सगळं लिखाण आडव्या रेघेनं खोडलं.

"बेडूक?" त्यांनी शेवटी विचारलं.

"तो खरा आहे," मी म्हटलं. त्यांना तेवढंच समाधान.

ते गेले तरी बाबा थांबले नाहीत. खडकाचा माथा उडवून त्यांनी पाइपच्या तोंडात न बघता बोट घातलं आणि पडद्याची चिंधी बाहेर काढून खिशात टाकली. मी बघतच राहिलो.

"बाबा, चिंध्या तुम्ही कोंबत होता?"

"मग काय करू? पाणी उगाच पडत असलं की मला बसवत नाही. जन्मभर पाणी अडवायचा पगार घेतला मी."

"आणि ते रोज नळ सोडून ऐकत उभं राहणं?"

"नीट बंद होतो का ते बघत होतो. तुमच्या घरात एक नळ धड बंद होत नाही. सगळ्यांचे वॉशर गेलेत."

"मला वाटलं, तुम्हाला पाण्याची आठवण येते."

"पाण्याची कसली आठवण? पाणी इथूनतिथून सारखंच." बाबांनी हातोडा खाली टेकवला. त्यांना धाप लागली होती, पण ते माझ्याकडे बघत होते. "भाजी आणू का म्हटलं, तर बसा. चादर ओढू का, तर बसा. घमेलं देतो, तर बसा. मी काय देव्हाऱ्यातला देव आहे? तिकडे पडलो तर पडलो, पण निदान उभा तरी होतो."

एवढं सिमेंट, एवढी रजा, ती टेकडी, ती नोटीस, आणि विचारायचं होतं ते एक वाक्य. तेही बायकोनं पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. ती दारातच उभी होती. तिनं मला काही ऐकवलं नाही, हे तिचे उपकार.

"चुकलं बाबा," मी म्हणालो. आमच्या घराण्यात तेही कोणी म्हणत नाही.

बाबांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं, कारण तेवढ्यात कुठेतरी पाणी सांडायला लागलं होतं. गच्चीवरून वहिनींची हाक आली. "बाबा, कोणाची हो?"

बाबांनी मान तिरकी केली. "कोपऱ्यावरच्यांची. त्यांना म्हणावं मोटर बंद करा आणि टाकीतल्या बॉल कॉकला हात लावू नका, त्याचा दांडा वाकलाय. मी येतो दुपारून."

घरात फोन वाजला. बायकोनं तो बाहेर आणून बाबांच्या हातात दिला. ताई होती. बस किती वाजता आहे, तिकडे पोचल्यावर न्यायला कोण येणार, हे विचारत होती. मी फुटक्या खडकाशेजारी उभा राहून ऐकत होतो.

"आज कसं जमेल?" बाबा फोनमध्ये म्हणाले. "वेळ आहे का मला? इथे सगळ्या गल्लीच्या टाक्या माझ्या जिवावर आहेत. घरातले नळ बदलायचेत. आणि तुझ्या भावानं अंगणात डोंगर फोडून ठेवलाय, तो कोण उचलणार? नाही, नाही, त्याच्यानं काय होतंय. मेहनती आहे, पण डोक्यानं जरा कमीच. आईवर गेलाय. स्कूटरसारखं काहीतरी केलं होतं आधी, मग हे केलं. सगळ्या गल्लीला पाण्यावाचून ठेवलंन."

ते बोलत राहिले. माझ्या लहानपणापासूनचे गाढवपणे एकेक करून ताईला सांगत राहिले, आणि गच्चीवरच्या वहिनी, कुंपणापलीकडचे सल्लागार आणि दारातली बायको, सगळे लक्ष देऊन ऐकत होते. मी उभा होतो तसाच हसत होतो. मग बाबांनी फोनवर हात ठेवला.

"अरे, बघत काय उभा राहिलास? घमेलं भर. मी उचलतो."

मी खाली बसलो आणि घमेलं भरायला लागलो. अगदी काठोकाठ नाही, त्यांना उचलता येईल एवढंच.